फिक्सेटर घेताना पैसे पिनांवर घाला: केई, एसके, जेस आणि पुट्टी यांचा आढावा

कुत्र्या-मांजरांच्या मोडलेल्या हाडासाठी बाहेरून बसवायचा फिक्सेटर, म्हणजे हाडात घातलेल्या पिना कातडीबाहेर दांड्याला जोडणारी फ्रेम, निवडताना डॉक्टरांचं लक्ष आधी क्लॅम्पकडे, म्हणजे पिन आणि दांडा आवळून धरणाऱ्या पकडीकडे, आणि रॉडकडे, म्हणजे दांड्याकडे जातं. कॅटलॉगात तेच ठळक दिसतात आणि बिलातही त्यांचाच आकडा मोठा असतो. पण शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जनावर पाय टेकेनासं होतं, पिनेभोवतीची कातडी लाल होऊन पाझरू लागते, एक्स-रेवर पिनेच्या कडेने काळी रेघ उमटते, तेव्हा दोष बहुतेक वेळा क्लॅम्पचा नसतो. पिन आणि हाड जिथे एकमेकांना धरतात तिथे काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून या आढाव्यात आधी पिना घेतल्या आहेत आणि त्यांना जोडणारं सामान नंतर. पर्याय चार: जुना किर्श्नर-एमर म्हणजे केई, आयमेक्स कंपनीचा एसके, माणसांसाठी मुंबईत तयार झालेला जेस, आणि हाताने मळून लावायची इपॉक्सी पुट्टी किंवा डेंटल अ‍ॅक्रिलिक.

पिना

दुकानात तीन जातीच्या पिना मिळतात. पहिली गुळगुळीत स्टाइनमन पिन किंवा तिच्याहून बारीक तार, म्हणजे के-वायर. दुसरी निगेटिव्ह थ्रेडची, म्हणजे आटे पिनेच्या अंगात कोरलेले. तिसरी पॉझिटिव्ह थ्रेडची, जिच्यात आटे पिनेच्या अंगावर उठलेले असतात.

गुळगुळीत पिन हाडात निव्वळ घर्षणावर उभी असते. हाडाच्या लांबीशी साधारण 70 अंशांचा कोन ठेवून, एक इकडे कललेली आणि दुसरी तिकडे, अशा घातल्या तर त्या जास्त तग धरतात. सगळ्या एकमेकींना समांतर घातल्या तर अख्खी फ्रेम सरकून बाहेर येऊ शकते. आठवडे जातात तशी ही पकड कमीच होत जाते. लवकर जुळणाऱ्या पिल्लाच्या हाडाला ती पुरते. वयस्कर किंवा वजनदार कुत्र्यात सगळ्या पिना गुळगुळीत वापरणं आम्हाला पटत नाही.

निगेटिव्ह थ्रेडच्या पिनेत आटे सुरू होतात तिथे जाडी एकदम घटते आणि वाकण्याचा सगळा ताण त्या एका जागी साठतो. ती जागा जवळच्या कॉर्टेक्सच्या, म्हणजे हाडाच्या कडक भिंतीच्या, बाहेर किंवा कॉर्टेक्समध्येच राहिली की पिन नेमकी तिथून तुटते. एलिस पिनेत यावर उपाय केलेला आहे. तिला टोकाशी थोडेच आटे असतात, ते फक्त पलीकडच्या कॉर्टेक्सला धरतात आणि पिनेचा नाजूक सांधा, म्हणजे आटे सुरू होतात ती जागा, हाडाच्या पोकळीत सुरक्षित राहतो. ही पिन वापरायची तर आटे पलीकडच्या कॉर्टेक्सच्या किती बाहेर काढायचे याचा अंदाज नीट हवा. पिन जास्त आत गेली म्हणून उलटी फिरवून मागे घेतली तर तो सांधा पुन्हा धोक्याच्या जागी येतो.

पॉझिटिव्ह थ्रेडच्या पिनेत हा प्रश्नच उरत नाही. आट्यांखालचा गाभा पिनेइतकाच जाड असतो आणि आटे हाडात खोल रुततात. एका बाजूने घालायची असेल तर टोकाला आटे असलेली घ्या, आरपार घालायची असेल तर मध्यभागी आटे असलेली. गुळगुळीत पिनेपेक्षा ती बरीच महाग पडते, पण या सगळ्या खरेदीत आम्ही डोळे झाकून शिफारस करू अशी वस्तू हीच. सगळ्या पिना तशा घेणं परवडत नसेल तर निदान मोडलेल्या हाडाच्या प्रत्येक तुकड्यात एक तरी पॉझिटिव्ह थ्रेडची हवीच, आणि ती सांध्याजवळच्या टोकाला घाला. तिथलं हाड मऊ असतं आणि गुळगुळीत पिन आधी तिथेच सैल होते.

एका तुकड्यात किमान दोन पिना, शक्य तिथे तीन. चारच्या पुढे घातल्याने ताकद फारशी वाढत नाही, भोकं मात्र वाढतात.

जाडीचा नियम सोपा आहे, तरी सर्वाधिक मोडला जातो तो हाच. पिन हाडाच्या रुंदीच्या 25 टक्क्यांच्या आसपास असावी, 30 टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. पोमेरेनियनच्या पुढच्या पायाचं, म्हणजे रेडियसचं हाड 5 मिमी रुंद असेल तर 25 टक्के म्हणजे 1.25 मिमी आणि 30 टक्के म्हणजे 1.5 मिमी. कपाटात 1.6 ची वायर पडलेली आहे म्हणून तीच घातली तर मर्यादा ओलांडलीच. फ्रेम मजबूत वाटते, मूळ फ्रॅक्चर जुळतंही, आणि मग हाड पिनेच्या भोकातून मोडतं. उलट बाजूचा मोहही तितकाच महाग पडतो. पिनेचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे 1.2 आणि 1.6 मिमी यांच्यातला फरक तिपटीहून जास्त निघतो. लॅब्रॅडॉरच्या 14 मिमी रुंदीच्या टिबियात, म्हणजे मागच्या पायाच्या नडगीच्या हाडात, 3.5 मिमीपर्यंतची पिन बसते. तिथे 2 मिमीची घातली तर ती वाकत राहते, हाडाला घासत राहते आणि सैल होते. रुंदी मोजताना दुसऱ्या, न मोडलेल्या पायाचा एक्स-रे घ्या आणि फिल्मवर हाड थोडं मोठं दिसतं हे धरून चाला.

भोक पाडणं

सैल पिनेचं मूळ पुष्कळदा ती घातली त्याच मिनिटात असतं. स्टाइनमन पिनेचं त्रिकोणी टोक हाड कापतं, पण कापलेला भुसा बाहेर काढायला तिच्यावर खाचा नसतात. भुसा अडकतो, घर्षण वाढतं, हाड तापतं. 47 अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर राहिलं तरी हाडाच्या पेशींना इजा होते, आणि जाड कॉर्टेक्समध्ये वेगात पिन रेटली तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. भाजलेलं हाड पुढच्या काही आठवड्यांत शोषलं जातं आणि पिन पोकळ जागेत हलायला लागते. फार भाजलं असेल तर मेलेल्या हाडाचं कडं पिनेभोवती सुटं होतं. एक्स-रेवर पांढरी रिंग आणि तिच्याभोवती काळी रिंग असं ते दिसतं. ते कडं काढेपर्यंत पू थांबत नाही.

म्हणून आधी ड्रिल बिटने भोक पाडायचं. बिट पिनेच्या गाभ्यापेक्षा 0.1 मिमी बारीक असावा, म्हणजे 3.2 च्या पिनेला 3.1 चा. बिट धारदार हवा, कातडी आणि स्नायू गुंडाळले जाऊ नयेत म्हणून ड्रिल स्लीव्ह हवी, आणि सलाइनची धार चालू हवी. मग पिन मंद गतीने, मिनिटाला 150 फेऱ्यांपर्यंत, फिरवत आत न्यायची. हार्डवेअरच्या दुकानातला कॉर्डलेस ड्रिल निर्जंतुक कव्हर घालून वापरणाऱ्यांनी तो कमी गिअरवरच ठेवावा. हँड चकने, म्हणजे हाताने फिरवायच्या मुठीने, पिन घातली तर हाड तापत नाही, पण मनगट डोलतं आणि भोक लंबगोल होतं. त्यामुळे पिन सैल होण्याचा धोका राहतोच, फक्त कारण बदलतं. धार गेलेला बिट वाचवण्यात काहीच शहाणपण नाही. पिनांच्या मानाने तो स्वस्त आहे.

फ्रॅक्चरच्या रेषेपासून आणि सांध्यापासून पिनेच्या जाडीच्या तिप्पट तरी अंतर ठेवा. बारीक तडे एक्स-रेवर लपतात, त्यामुळे रेषेच्या अगदी जवळ जाण्याचा मोह टाळलेला बरा. क्लॅम्प आणि कातडी यांच्यात साधारण 1 सेमी जागा हवी. कमी ठेवली तर सुजलेली कातडी क्लॅम्पला घासून फाटते. जास्त ठेवली तर पिनेची मोकळी लांबी वाढते आणि ताठपणा तिच्या तिसऱ्या घाताने घटतो. हाडापासून क्लॅम्प 1 सेमीऐवजी 2 सेमीवर गेला तर पिन आठपट लवचिक होते. मांड्यांच्या जाड स्नायूंमुळे फीमरवर, म्हणजे मांडीच्या हाडावर, नुसता बाहेरचा फिक्सेटर का टिकत नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

केई: जुना आणि अडमुठा

ओटो स्टेडर या पशुवैद्याने 1930च्या दशकात कुत्र्यांसाठी असा स्प्लिंट बनवला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने तो माणसांसाठी वापरला. केई हा त्याच घराण्यातला. मध्यम आकारात 4.8 मिमीचा आणि लहान आकारात 3.2 मिमीचा स्टीलचा रॉड, आणि एकाच बोल्टने पिन व रॉड दोन्ही आवळणारा क्लॅम्प. सामान दणकट आहे, वर्षानुवर्षं टिकतं, आणि जुन्या दवाखान्यांच्या कपाटांत अजूनही सापडतं.

त्याच्या मर्यादा मात्र रचनेतच आहेत. क्लॅम्प रॉडवर आधीच ओवून ठेवावे लागतात. दोन टोकांच्या पिना बसल्या, रॉड आवळला, आणि मग मध्ये आणखी एक पिन हवी असं लक्षात आलं तर सगळं सोडवावं लागतं. मधल्या पिना क्लॅम्पच्या भोकातूनच दिशा धरून घालायच्या असतात आणि पॉझिटिव्ह थ्रेडचे उठलेले आटे त्या भोकातून जात नाहीत. म्हणजे ज्या पिनेवर पैसे घालावेत असं वर म्हटलं, तीच इथे मध्ये बसवताना कसरत होते. मग मध्ये गुळगुळीत पिना घातल्या जातात आणि त्याच आधी सैल होतात. शिवाय क्लॅम्प फार आवळला की त्याचा आकार बिघडतो, आणि पुढच्या जनावराला तोच वापरला तर पकड कमी मिळते. रॉड बारीक असल्याने मोठ्या कुत्र्याला दोन्ही बाजूंनी फ्रेम करावी लागते. तसं करायला आरपार पिना लागतात, त्या जास्त स्नायूंमधून जातात आणि पाझरही वाढतो.

कपाटात केई आधीपासून असेल तर 10-12 किलोपर्यंतच्या कुत्र्याच्या टिबियाला वापरा. नव्याने विकत घेऊ नका.

एसके: जे हवं ते, पण किंमत मोजून

एसकेचा क्लॅम्प दोन भागांचा आहे, त्यामुळे तो तयार फ्रेमवर हवा तिथे चढवता येतो आणि काढताही येतो. त्यातून ड्रिल स्लीव्ह घालून आधी भोक पाडता येतं आणि मग पॉझिटिव्ह थ्रेडची पिन बसवता येते. एकाच क्लॅम्पमध्ये वेगवेगळ्या जाडीच्या पिना चालतात. वर सांगितलेली भोक पाडण्याची पद्धत ज्यांना शेवटच्या पिनेपर्यंत पाळायची आहे, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

मोठ्या आकारात 9.5 मिमीचा कार्बन फायबरचा रॉड येतो, लहानात 6.3 मिमीचा आणि मिनीमध्ये 3.2 मिमीचा स्टीलचा. कार्बन फायबर स्टीलइतकं कडक नसलं तरी जाडी केईच्या दुप्पट असल्यामुळे फरक मोठा पडतो. नुसत्या आकारावर पाहिलं तर ताठपणा सुमारे 15 पट. याचा प्रत्यक्ष फायदा असा की पुष्कळ टिबिया आणि रेडियस एकाच बाजूच्या फ्रेमवर निभावतात, आरपार पिना लागत नाहीत. कार्बन रॉड एक्स-रेला आड येत नाही, त्यामुळे हाड जुळतंय का ते नीट दिसतं.

खोडी त्यालाही आहेत. बोल्ट आवळताना दुसऱ्या हाताने क्लॅम्प धरून ठेवला नाही तर सगळा पीळ पिनेवाटे हाडात उतरतो आणि आत्ताच बसवलेली पिन तिथल्या तिथे ढिली होते. तीन किलोच्या मांजराला लहान आकाराची फ्रेमही बोजड होते. तिथे मिनी घ्यावा नाहीतर पुट्टीकडे वळावं. फ्रेम फार कडक झाली तर हाडावर भारच येत नाही आणि जुळणं मंदावतं. अशा वेळी साधारण सहाव्या आठवड्यात, एक्स-रेवर हाड धरल्याचं दिसलं की, फ्रेम टप्प्याटप्प्याने हलकी करायची. दुहेरी असेल तर एकेरी करा, किंवा एखादा जोडरॉड काढा. एसकेमध्ये हे काम पान्याने सहज होतं आणि बहुधा हलक्या सेडेशनवर भागतं. पुट्टीत त्यासाठी करवत लागते.

आयात केलेला माल असल्याने किंमत चढी आहे आणि एखादा बोल्ट हरवला तर वाट पाहावी लागते. महिन्याला चार-पाच फिक्सेटर बसवणाऱ्या दवाखान्यालाच हा खर्च झेपतो. क्लॅम्प पुन्हा वापरता येतात, पण दर वेळी आटे साफ करून, बोल्ट सहज फिरतोय ना ते पाहून. पिना मात्र पुन्हा वापरू नका.

जेस: मुंबईचं देणं, लहान जिवांसाठी

मुंबईचे हस्तशल्यचिकित्सक डॉ. बी. बी. जोशी यांनी माणसांसाठी, मुख्यतः हाताच्या दुखापती आणि लहान मुलांच्या वाकड्या पावलांसाठी, ही पद्धत विकसित केली. जेस हे तिच्या ‘जोशीज एक्सटर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टिम’ या नावाचं लघुरूप. के-वायर, बारीक रॉड आणि अ‍ॅलन कीने आवळायचे छोटे लिंक जॉइंट एवढंच सामान. भारतात बनतं, माणसांच्या ऑर्थोपेडिक दुकानात मिळतं, एसकेच्या मानाने फारच स्वस्त पडतं. म्हणून पशुवैद्यांनी ते आपलंसं केलं, आणि मांजरं, पिल्लं, लहान जातीचे कुत्रे, पंजाची हाडं यांच्यासाठी आम्हालाही ते आवडतं.

अडचण वजनाची आहे. बारीक रॉड 15 किलोच्या कुत्र्याखाली वाकतो. दोन रॉड समांतर लावून तो थोपवता येतो, पण मग लिंक जॉइंटांची संख्या वाढते आणि सैल होऊ शकणाऱ्या जागाही वाढतात. स्क्रूचं षटकोनी तोंड एक-दोनदा कीखाली घसरलं की गोल होतं, आणि फ्रेम काढायच्या दिवशी तो स्क्रू ड्रिलने उडवावा लागतो. नवीन की ठेवा, ती पूर्ण आत बसवूनच फिरवा. मुख्य मर्यादा मात्र अशी की या सामानाबरोबर येणाऱ्या वायरी गुळगुळीत असतात. लिंक जॉइंटच्या भोकात बसेल अशा जाडीची आट्यांची पिन मिळाली तर जरूर घाला. पहिल्या तपासणीला, म्हणजे दहा-बारा दिवसांनी, प्रत्येक स्क्रू कीने तपासलाच पाहिजे.

पुट्टी आणि अ‍ॅक्रिलिक

नळाची गळती थांबवायला वापरतात ती दोन भागांची इपॉक्सी पुट्टी फिक्सेटरचा रॉड म्हणून वापरणं हा प्रकार भारतात चांगलाच रुजला आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेतल्या शल्यचिकित्सकांनी त्यावर पुष्कळ काम केलं आहे. ही पुट्टी वैद्यकीय वापरासाठी विकली जात नाही, म्हणून ती कातडीला किंवा जखमेला लागू द्यायची नाही. ती फक्त बाहेरचा खांब आहे.

पद्धत अशी. पिना हव्या त्या कोनात, हव्या त्या जाडीच्या घाला. इथे क्लॅम्पचं बंधन नसल्याने पॉझिटिव्ह थ्रेडच्या पिना बिनधास्त वापरता येतात, आणि आमच्या मते पुट्टीचा सगळ्यात मोठा गुण तोच. पिनांची बाहेरची टोकं कातडीपासून दोनेक सेमीवर हाडाला समांतर वाकवा. वाकवताना एका पक्कडीने कातडीजवळचा भाग घट्ट धरा आणि दुसरीने वाकवा, नाहीतर पीळ हाडात जातो. वाकवलेली टोकं एकमेकींवर येऊ द्या आणि चिकटपट्टीने किंवा तारेने बांधून सांगाडा करा. फ्रॅक्चर जुळलेलं आहे आणि वरचा-खालचा सांधा एका रेषेत आहे हे पुन्हा तपासा. मग पुट्टीचे दोन भाग समप्रमाणात, रंग एकसारखा होईपर्यंत मळा आणि सांगाड्यावर दाबून बसवा.

मळणं अर्धवट राहिलं की खांबात मऊ पट्टे राहतात आणि तो तिथून चिरतो. रंगाची एकही रेघ दिसता कामा नये. एका खांबाला लागेल तेवढी पुट्टी एकाच वेळी मळा. पहिला थर घट्ट झाल्यावर दुसरा चढवला तर दोन्ही थर नीट धरत नाहीत, आणि पुढे कधीतरी वरचा थर सालीसारखा सुटतो. दुरुस्ती करावीच लागली तर जुना भाग कानशीने खरखरीत करा, त्यात दोन-तीन भोकं पाडा, मगच नवी पुट्टी भरा. हातात नायट्राइल ग्लोव्हज हवेत. इपॉक्सीची कातडीला अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की पाठ सोडत नाही.

डेंटल अ‍ॅक्रिलिकचं गणित थोडं वेगळं. 19-20 मिमी जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा खांब मध्यम केईच्या 4.8 मिमी स्टील रॉडपेक्षा ताकदीने सरस ठरतो. पण घट्ट होताना तो चांगलाच तापतो आणि ती उष्णता पिनेवाटे हाडापर्यंत जाऊ शकते. कातडीपासून 1 सेमी अंतर, मध्ये ओलं गॉझ आणि पिनांवर थंड सलाइनची धार, तीनही गोष्टी करा. भूलयंत्राची जुनी नागमोडी नळी पिनांवर ओवून तिच्यात पातळ अ‍ॅक्रिलिक ओतलं तर खांब एकसारखा होतो, फक्त हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा.

दोन्हींचा समान दोष म्हणजे एकदा घट्ट झालं की बदल नाही. एक्स-रेवर तुकडा 10 अंशांनी वळलेला दिसला तर एसकेमध्ये बोल्ट सैल करून सुधारता येतो. इथे खांब कापून, जुळवून, पुन्हा भरावा लागतो. म्हणून पुट्टी लावण्याआधीचा एक्स-रे कधीही चुकवू नका. वाकवलेल्या तारा फ्रॅक्चरच्या सावलीवर येतात, त्यामुळे पुढचे एक्स-रे तिरपे घ्यावे लागतात.

पाझर, पू आणि सैल पिन

पिनेभोवती थोडा पातळ पाझर आणि वाळलेली खपली हे जवळजवळ प्रत्येक फिक्सेटरात दिसतं आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही. कातडी पिनेवर जितकी हलते तितका पाझर जास्त. टिबियाच्या आतल्या बाजूला हाड थेट कातडीखाली असतं, तिथे तो नगण्य राहतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे प्रत्येक पावलाला जाड स्नायू पिनेवरून सरकतो, तिथे तो थांबता थांबत नाही. पिन घालताना कातडीला छोटा पण पुरेसा छेद द्यावा. कातडी पिनेवर तंबूसारखी ताणली गेलेली दिसली तर छेद त्या दिशेने टेबलावरच वाढवावा, नंतर नाही. पहिला आठवडाभर क्लॅम्प आणि कातडी यांच्यात गॉझ भरून वर हलकी पट्टी बांधली तर सूज आणि कातडीची हालचाल दोन्ही आटोक्यात राहतात.

चिंता कधी करायची? पाझर घट्ट आणि पिवळा झाला, हात लावला की जनावर ओरडतं, आणि आधी टेकवलेला पाय पुन्हा उचलला गेला तर. अशा वेळी नुसत्या गोळ्या लिहून देऊ नका. पिन हाताने हलवून पाहा आणि एक्स-रे घ्या. सैल पिन आत असेपर्यंत संसर्ग औषधाला दाद देत नाही, आणि ती काढली की पाझर पुष्कळदा थोड्याच दिवसांत कोरडा पडतो. एक पिन काढल्यावर त्या तुकड्यात दोन घट्ट पिना उरत असतील तर फ्रेम तशीच चालू ठेवा. त्याहून कमी उरत असतील तर नवीन जागी नवीन पिन घालावी लागते, जुन्याच भोकात जाड पिन नाही. पू खोल असेल तर कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, करायला पाठवा. कुत्र्यात बहुधा स्टॅफिलोकोकस निघतो आणि त्याला कोणतं औषध चालेल हे अंदाजाने ठरवण्याचे दिवस गेले.

जागेची चूक वेगळ्या प्रकारची. ह्युमरसच्या, म्हणजे पुढच्या पायाच्या वरच्या हाडाच्या, खालच्या भागात बाहेरच्या बाजूने रेडियल नर्व्ह हाडाला चिकटून जाते. तिथे डोळ्यांनी न पाहता पिन घातली तर पंजा उलटा पडू शकतो. ह्युमरस आणि फीमरला शरीराची बाजू आड येते, त्यामुळे दुहेरी फ्रेम बसतच नाही. तिथे हाडाच्या पोकळीत एक पिन घालून तिचं वरचं टोक बाहेरच्या रॉडला जोडण्याची टाय-इन पद्धतच वापरावी. आणि लहान जातींच्या रेडियसच्या खालच्या टोकाला रक्तपुरवठा मुळातच कमी, पिन बसवायला जागा अपुरी. मालकाला परवडत असेल तर तिथे हाडावर स्क्रूने बसवायच्या प्लेटचाच विचार करा. कोणताही फिक्सेटर तिथे पहिली पसंती नाही असं आमचं ठाम मत आहे.

घरी पाठवल्यावर

मालकाला लेखी सूचना द्या. दिवसातून एकदा 0.05 टक्के क्लोरहेक्सिडिनने किंवा सलाइनने पिनांभोवती पुसणं, ओल्या गॉझने सुटेल तेवढीच खपली काढणं, गळ्यातली कॉलर न काढणं, जिना आणि सोफा बंद. फ्रेमवर चिकटणारी पट्टी गुंडाळून ठेवली तर ती खिडकीच्या जाळीत किंवा लिफ्टच्या दारात अडकत नाही. मांजराला मोठ्या पिंजऱ्यात ठेवणं हाच खात्रीचा मार्ग. पावसाळ्यात माश्यांचा विचार वेगळा करा. ओली पट्टी आणि पाझर यांवर माशी बसली की दोन-तीन दिवसांत अळ्या पडतात. पट्टी भिजली की त्याच दिवशी बदलायची आणि अळ्या दिसल्या तर घरचा उपाय न करता लगेच दवाखान्यात यायचं, हे स्पष्ट शब्दांत सांगा. पिनेच्या भोकात टर्पेंटाइन ओतल्याने उघड्या पेशी भाजतात. रस्त्यावरच्या कुत्र्याला फिक्सेटर बसवायचा तर तो काढेपर्यंत केनेलची जागा आहे का, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारा. नसेल तर दुसरा उपाय निवडा.

पिल्लाचा एक्स-रे तिसऱ्या आठवड्यात, प्रौढाचा चार ते सहा आठवड्यांत. काढताना आट्यांची पिन उलटी फिरवूनच काढायची, ओढायची नाही. नंतरही महिनाभर पट्ट्यावरच फिरवणं, कारण रिकामी भोकं भरायला वेळ लागतो.

काय घ्यावं

नव्याने सुरुवात करणाऱ्या दवाखान्याने आधी पॉझिटिव्ह थ्रेडच्या पिना तीन-चार जाडींत, त्यांना जुळणारे ड्रिल बिट, ड्रिल स्लीव्ह आणि मंद गतीला चालणारा ड्रिल घ्यावा. खांबासाठी इपॉक्सी पुट्टी पुरते. मांजरं आणि छोटे कुत्रे जास्त येत असतील तर जोडीला जेसचा एक संच. मोठे कुत्रे आणि चुरा झालेले फ्रॅक्चर नियमित येऊ लागले की एसके, तोही आधी लहान आकाराचा, कारण शहरी दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना तोच बसतो. केईसाठी नवीन पैसे घालायचं कारण उरलेलं नाही. आणि बजेट तोकडं असेल तर पुट्टीसोबत पॉझिटिव्ह थ्रेडच्या सहा पिना, ही जोडी आम्ही एसकेच्या क्लॅम्पमधल्या सहा गुळगुळीत पिनांपेक्षा केव्हाही पसंत करू.